उंबऱ्याचा धवला

रविवार, २० एप्रिल

ही वही गोदामातून आणली. पुठ्ठ्यावर ‘माल आवक’ असं छापलंय, ते खोडलं नाही. आवक आहेच, फक्त मालाची नाही.

लिहायला नीरजाने सांगितलं. नीरजा माझी मैत्रीण. राहते भिवंडीत ब्राह्मण आळीत, शिकवते एका क्लासमध्ये आणि उरलेल्या वेळात मला. “एवढी जबाबदारी आलीय तर रोजचं लिहून काढ मेघाली, डोकं हलकं होतं,” म्हणाली. तिचं मुळातच हलकं आहे, तिला काय.

तर जबाबदारी अशी. माझी आजी गोदू धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याच्या कितीतरी आधीपासून मांडवात धवलारीण बसलेली असते. हळद, मांडव, पाठवणी, ज्या त्या विधीला ज्याचा त्याचा धवला ती गाते, तेव्हा तो विधी पुरा होतो. शेलारपासून गणेशपुरीपर्यंत पन्नास वर्षं आजीने हे केलं आणि कधी माइक घेतला नाही. ती टेमघरला गायली की इकडे शेलारला भाकऱ्या थापणाऱ्या बायका हात थांबवतात, असं बाबा सांगतात. बाबा थोडं वाढवून सांगतात.

मार्चमध्ये आजीच्या घशातली गाठ काढली. साधीच निघाली, देवाची कृपा. पण डॉक्टरांनी बजावलंय, तीन महिने गायचं नाही आणि बोलायचं तेही मोजकं. नेमकं अठरा मेला दिशाचं लग्न. दिशा म्हणजे काकांची मुलगी, माझ्याच खोलीत वाढलेली. आजी आज सकाळी माझ्यासमोर सुपात तांदूळ घेऊन बसली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मेघे, दिशाचे लग्नान तू बसाचं मांडवान.”

मी म्हटलं, “आजी, माझा आवाज तू ऐकलायस ना?”

“आयकलाय. म्हनून तर महिनाभर आदी सांगतंय.”

गोदामात मी डिस्पॅचच्या खिडकीत बसते. “गाडी नंबर बोलो” यापलीकडे माझ्या गळ्यातून आजवर काही निघालेलं नाही. रात्री जेवताना हरेशने, म्हणजे दिशाच्या भावाने, सांगून टाकलं की डीजे ठरलाय, मेघाली नुसती बसली तरी चालेल. खरं तर सुटका वाटायला हवी होती, पण राग आला.

बुधवार, २३ एप्रिल

एकूण बारा धवले. आमच्या घराण्याचा नियम असा की ऐकलेला धवला आपला नसतो, दिलेला आपला. देणारी शिकणारीच्या ओटीत तांदूळ घालते आणि म्हणते, “घे, आता तुजा.” मग मांडवात प्रत्येक धवल्याआधी तो कुणाकडून आला ते नाव घेऊन सांगायचं. आजीला तिच्या सासूने दिले. तिचं नाव कमळ. तिला आम्ही फक्त फोटोत पाहिलं आहे आणि फोटोतही ती रागावलेलीच आहे.

आज जेवणाच्या सुट्टीत रॅकच्या मागे उभी राहून हळदीचा धवला घोळवला. पलीकडून एक लोडर आला, टोपी काढून म्हणाला, “मॅडम, किसका इंतकाल हो गया?”

नीरजाला फोनवर सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती. हिच्याशी मी मैत्री कशी केली कोण जाणे. अकरावीच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा ही चष्मेवाली तिसऱ्या बाकावर एकटी बसलेली, शेजारची जागा दप्तर ठेवून धरलेली. मला बघून दप्तर उचललं. त्या दिवशी आजी मला सोडायला उगाचच कॉलेजच्या गेटपर्यंत आली होती, बाजारात जायचंय म्हणून. बाजार दुसऱ्या टोकाला. नीरजाची आजीसुद्धा तिथेच छत्री घेऊन उभी होती. दोघी आज्यांची ओळख आमच्यामुळे झाली ती अशी. आता दर गुरुवारी त्या घशाच्या डॉक्टरकडे बरोबर जातात. नीरजाच्या आजीच्या घशाला काय झालंय ते मात्र अजून कळलेलं नाही.

रविवार, २७ एप्रिल

अकरा धवले मिळाले. ओटीतले तांदूळ साठून साठून शेरभर झालेत. दिशा म्हणते, त्याचा भात करून खा, आवाज सुधारेल.

बारावा मिळाला नाही. बारावा म्हणजे उंबऱ्याचा. मुलगी आईबापाचं घर सोडताना उंबऱ्यावर उभी राहते तेव्हा म्हणायचा. हा धवला फक्त आजीकडे आहे, त्याच्यासाठी लोक लांबून तिला बोलवायला येतात. मला तो लहानपणापासून पाठ आहे. हरेशलाही पाठ आहे, अंघोळ करताना तोच म्हणतो. पण पाठ असून काय उपयोग.

मी ओटी पसरली तर आजीने सूप बाजूला ठेवलं. “ह्यो न्हाय देवाला येत मना.”

“का?”

“येत न्हाय म्हनजे न्हाय येत. जास्ती बोलू नको म्हनलंय डाक्टरनी.”

कालपर्यंत शेजारच्या कोंबड्यांवरून अर्धा तास भांडत होती तेव्हा डॉक्टर आठवला नव्हता. मला कळलं काय ते. अकरा धवले कुणालाही देता येतात. बारावा, तिच्या नावाचा, ती अशा गळ्यात कशी घालणार? मला वाईट वाटलं. कुणाला दाखवलं नाही, भांडी जरा आपटली एवढंच.

गुरुवार, १ मे

सुट्टी. नवऱ्याकडची मंडळी टेमघरहून आली. भूपेश, म्हणजे आमचा होणारा जावई, आंब्याची पेटी घेऊन लाजत बसला होता. त्यांच्याबरोबर त्यांची धवलारीण गुणाबाई आली. साठीची बाई, कपाळाला हे एवढं कुंकू, आणि नजर अशी की समोरच्याने चप्पल नीट जोडून ठेवावी.

चहा झाल्यावर गुणाबाईने मला विचारलं, “तू बसनार काय? गुरू कोन?”

“कमळ, तिच्याकडून गोदू, तिच्याकडून मी.”

“बाराचे बारा?”

मी आजीकडे पाहिलं. आजी बशी पुसत होती.

“मना माहीत हाय,” गुणाबाई म्हणाली, “कमळबायचे अकरा म्या पन आयकलेत. उंबऱ्याचा तिचा न्हवता. त्या धवल्यान घंटा हाय. दारावर टांगलेली घंटा. कुनाचे घरान दारावर घंटा असते गो? गोदू बोलते, तिचे आजीकडून आला. तिचे माहेरान मी ढीगभर लगनं केली, तिथं कुनाला ठाव न्हाय. बिनगुरूचा धवला म्या मांडवान गावू देनार न्हाय. उंबऱ्यावर लेक उभी असताना खोटा शबुद न्हाय चालत.”

आजी दोन गावं जागी करणारी बाई, पण तोंडातून शब्द काढला नाही. घशामुळे असेल. पण तिचा चेहरा बघितला आणि मला ते घशामुळे वाटलं नाही.

शनिवार, ३ मे

आजीने आज गुणाबाईला निरोप पाठवायला सांगितलं, सगळं तूच कर. मी निरोप पाठवला नाही. खोटं बोलले, फोन लागत नाही म्हणून. का ते मलाही नीट सांगता येत नाही. पंधरा दिवसांपूर्वी मला हे नको होतं. आता गाडी नंबर सांगतानासुद्धा चाल लागते, आणि काल ड्रायव्हर थांबून ऐकत होता.

पण आजी पन्नास वर्षं काही चोरून गात होती की काय, हा किडा डोक्यात वळवळतोय. कुणाकडून घेतला असेल? नाव का सांगत नाही? हे सारं लिहायलाही लाज वाटते.

मंगळवार, ६ मे

ड्युटीवरून थेट नीरजाकडे गेले. तिची आजी विद्युल्लताबाई. अख्खी भिवंडी त्यांना बाई म्हणते, कारण अर्धी त्यांच्या हाताखालून गेली आहे. मीसुद्धा बाईच म्हणते. चौऱ्याहत्तर वय, पाठ ताठ, अजूनही कुणी पोक काढून बसलं की खांद्यावर टिचकी मारतात.

येत्या बाराला बाईंच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं होतील. नीरजाचे आजोबा, अण्णा, सहा वर्षांपूर्वी गेले, पण त्यांचे चिरंजीव मिहिरकाका तो दिवस अजून साजरा करतात. काकांनी मला आईवडिलांच्या लग्नाची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. नाशिक, गोदावरीचा घाट, पहाटेचा मुहूर्त, सनई. फोटो एकही नाही, पुरात भिजले म्हणे. दर वर्षी त्या गोष्टीत एक तरी माणूस वाढतो. यंदा घोडा आला.

बाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. मी त्यांना गुणाबाईची हकीकत सांगितली, घंटेसकट. बाईंच्या हातून गाळणी पडली.

“ओली होती,” बाई म्हणाल्या. मग ओटा पुसत विचारलं, “नक्की काय म्हणाली ती? पुन्हा सांग.”

पुन्हा सांगितलं.

“आणि गोदा काय म्हणाली?”

“काही नाही. बशी पुसत बसली.”

बाईंनी तो ओटा इतका वेळ पुसला की नीरजाने मला खूण केली. बाईंना धवल्यांमध्ये एवढा रस आहे हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाचं आमंत्रण दिलं तर नेहमीसारखंच म्हणाल्या, “मी लग्नांना जात नाही, बाळा.” आमच्याकडच्या एकाही लग्नाला त्या आलेल्या नाहीत. लोक म्हणतात, बाईंना गर्व आहे. मला तसं कधी वाटलं नव्हतं, आज थोडं वाटलं.

रविवार, ११ मे

आज लिहून काढायलाच हवं, नाहीतर उद्या गोदामात कुणाला तरी सांगून बसेन.

दुपारी दारात रिक्षा थांबली. बाई उतरल्या, मागून धापा टाकत नीरजा. बाईंनी पुढच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. विहिरीकडून वळसा घालून सरळ मागच्या दाराने आत. आमच्या घराला मागे दार आहे हे टपालवाल्यालाही माहीत नाही.

आतल्या खोलीत दोघी आज्यांनी कडी लावली. आम्ही बाहेर दाराला कान लावून. आजीला मोठ्याने बोलायला बंदी आणि बाईंना सवय नाही, त्यामुळे भांडण सगळं कुजबुजत चाललेलं. मधूनच “गोदे” आणि “विद्ये” एवढं ऐकू यायचं. विद्ये! मी नीरजाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मग कडी निघाली आणि बाई म्हणाल्या, “या आत. चोरून ऐकलेलं अर्धवट असतं.”

मग बाईंनी सांगितलं ते असं.

चौऱ्याहत्तर साली त्या शेलारच्या शाळेत नव्या शिक्षिका होत्या. वय तेवीस. आजी एकोणीस वर्षांची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, शाळेत पाणी भरायची आणि खिडकीखाली बसून धडे ऐकायची. बाईंचं अण्णांवर मन बसलं. अण्णा तेव्हा जकात नाक्यावर टेंपररी कारकून. बाईंचे वडील भटजी, आणि भिवंडीतले निम्मे भटजी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला, माझ्या मुलीच्या लग्नात कुणी मंत्र म्हणायचा नाही. कोर्टात करायचं तर महिनाभराची नोटीस. तेवढ्यात मुलीला मामाकडे धाडून दुसऱ्याशी लावून दिलं असतं.

“मी शाळेत रडत बसले होते,” बाई म्हणाल्या. “ही घागर घेऊन आली आणि म्हणाली...”

“म्या बोलले, मंत्र न्हाय तर न्हाय, धवले हायत ना,” आजी म्हणाली. “लगीन लागलं म्हनजे लागलं.”

सासू त्या दिवशी गणेशपुरीला दुसऱ्या लग्नाला गेलेली. तिला न विचारता, न सांगता, शाळा सुट्टीत बंद असताना, एकोणीस वर्षांच्या माझ्या आजीने आयुष्यातलं पहिलं लग्न लावलं. एका भटजीच्या मुलीचं. नीरजाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

पण आजीला सासूने तोवर अकराच दिले होते. बारावा शेवटी द्यायचा असं ठरलेलं. वर्गाच्या उंबऱ्यावर नवरी येऊन उभी राहिली आणि आजीकडे म्हणायला काही नाही. धवल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडू शकत नाही, आणि अण्णांची एसटीची वेळ झालेली.

“माझे तोंडाला कुलूप लागलं,” आजी म्हणाली.

“मुलं पाढे विसरली की मी हळूच पुढचा आकडा सांगायचे,” बाई म्हणाल्या. “तीच सवय. मी डोक्यावरच्या पदराआडून एकेक ओळ सांगत गेले, ही गात गेली. वर बघितलं तर शाळेची घंटा टांगलेली. म्हटलं, तीच घालू.”

नवरीनेच स्वतःची पाठवणी रचली. हे लिहितानाही मला हसू येतंय आणि रडूही. तेव्हा मात्र आम्ही चौघी नुसत्या हसत सुटलो होतो, आजी तर पोट धरून, आवाज न करता.

पुढे बाईंनी घरी कळवलं की नाशिकला एका भटजीने लग्न लावलं. वडील दोन वर्षांनी नातवाचं, म्हणजे मिहिरकाकांचं, तोंड बघून निवळले. इकडे आजीच्या तोंडात त्या ओळी बसून राहिल्या. सासूने विचारलं, कुठून आल्या? आजी म्हणाली, माझ्या माहेरच्या आजीकडून. सासूला त्या इतक्या आवडल्या की तीच गायला लागली, आणि स्वतःचा बारावा देईन देईन म्हणत मरताना बरोबर घेऊन गेली. दोन खोटी, दोघींनी एकमेकींना शपथ घातलेली, एक्कावन्न वर्षं.

“चारशे मुली माझ्या ओळींवरून सासरी गेल्या,” बाई म्हणाल्या, “आणि मी एकाही लग्नाला आले नाही. आले असते तर रडले असते, आणि रडले असते तर लोकांनी विचारलं असतं.”

आणि मी त्यांना गर्विष्ठ म्हटलं. इथेच, याच वहीत.

आम्हा दोघींकडूनही शपथ घेतली, हे चौघींतच राहील. शेवटी मी आजीला विचारलं, “म्हणजे माझ्या आवाजामुळे नव्हतं ना ते?”

“आवाज वायटच हाय,” आजी म्हणाली. “पन चालंल.”

बुधवार, १४ मे

गुपित कळलं, पण गाठ सुटली नाही. उंबऱ्याच्या धवल्याआधी गुरूचं नाव घ्यायला हवं. बाईंचं घ्यायचं तर शपथ मोडते आणि मिहिरकाकांचं नाशिक वाहून जातं. आजीच्या आजीचं घ्यायचं तर ते खोटं. आजी म्हणाली, “एक खोटं म्या सासूला सांगलं. तेच तुजे तोंडान न्हाय घालनार.” तेव्हा ठरलं की उंबऱ्याचा धवला म्हणायचाच नाही. गुणाबाई तिच्याकडचा म्हणेल.

हे दिशाला सांगितलं, कारण न सांगता. ती मेंदीचे हात वर धरून बसली होती. “त्यो धवला नसल तर मी उंबऱ्यावरनं पाय उचलनार न्हाय,” म्हणाली. “भूपेशला सांग, तो येईल घरजावई.” तिने हे हसत सांगितलं नाही.

नीरजाचा फोन आला होता. परवा लग्नाच्या वाढदिवसाला मिहिरकाकांनी नाशिकची गोष्ट पाहुण्यांना सांगितली. बाई मान खाली घालून श्रीखंड खात होत्या आणि नीरजाला ठसका लागला. गुपित सांभाळणं म्हणजे तापलेला तवा पदरात धरण्यासारखं आहे. या दोघींनी एक्कावन्न वर्षं कसं केलं असेल?

शनिवार, १७ मे

हळद झाली. सात धवले म्हटले, एक ओळ गाळली, ती कुणाला कळली नाही असं मला वाटलं, पण गुणाबाईने भुवई उचलली. हरेशने डीजे मध्येच बंद केला तेव्हा मला भरून आलं. नंतर कळलं, लाईट गेली होती.

सोमवार, १९ मे

काल लग्न झालं. अजून कानात मांडव आहे. सावकाश लिहिते.

संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. अकरावा धवलाही पार पडला. आजी माझ्या मागे पाटावर बसून माझ्या पाठीवर बोटाने ठेका धरत होती, चुकले की चिमटा. बाई येणार नव्हत्या. नीरजा एकटीच येणार होती. पण पाठवणीच्या अर्धा तास आधी मिहिरकाकांची गाडी आली आणि मागच्या सीटवरून बाई उतरल्या, जरीच्या साडीत. पहिल्या रांगेत खुर्चीवर ताठ बसल्या. काका शेजारी, हातात जिलेबीची बशी.

दिशा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि हलायचं नाव घेईना. काकी रडतायत, भूपेश घड्याळ बघतोय, गुणाबाई पदर खोचून पुढे झाली. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, “थांबा. मी म्हणते.”

“गुरू कोन?” गुणाबाईने विचारलं. मोठ्याने, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. तिचं चूक नव्हतं, विचारायचंच असतं.

खोटं सांगायचं नव्हतं, खरं सांगता येत नव्हतं. आजीचं बोट माझ्या पाठीवर थांबलं होतं. मी म्हणणार होते की याला गुरू नाही, जे व्हायचं ते होऊ दे.

तेवढ्यात पहिल्या रांगेत एक हात वर झाला. वर्गात मुलं करतात तसा, सरळ.

“मी,” बाई म्हणाल्या.

बाई उठल्या आणि दहा वाक्यांत सगळं सांगितलं, जसा इतिहासाचा धडा सांगावा. शाळा, वडील, अण्णा, घागर, घंटा. कुठे अडखळल्या नाहीत, फक्त अण्णांच्या नावावर जरा थांबल्या. पुढे म्हणाल्या, “गोदाने हे माझ्यासाठी लपवलं. तिने कुणाची चोरी केली नाही. मी तिला दिलं होतं, तांदूळ घालायचे तेवढे राहिले.”

मिहिरकाकांची जिलेबी हवेत तशीच. “आई, पण नाशिक?”

“नाशिकला गेलो होतो रे. नंतर. चिवडा आणायला.”

आधी कोण हसलं आठवत नाही. बहुतेक काकाच. गुणाबाई मात्र हसली नाही. तिने बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “गुरू हाय. जिती हाय. समोर हाय. मंग अडलंय काय? तांदूल द्या कुनीतरी.”

आजीने स्वतःच्या ओटीतले तांदूळ बाईंच्या ओंजळीत घातले. बाईंनी ते आधी आजीच्या ओटीत घातले, “घे गोदे, आता तुझा.” मग आजीने माझ्या ओटीत. आजीचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती.

मी सुरुवात केली.

उंबऱ्या रे उंबऱ्या, नको हालू जागचा,
लेक जाते, लेक येल, मान राख पायाचा.
वर टांगली घंटा, तिचा घुमला गो नाद...

इथे दिशाने वर बघितलं, जणू घंटा खरंच तिथे होती. पंचवीस वर्षं एका चादरीवरून भांडलेलो आम्ही. पुढची ओळ अंघोळीच्या पाण्यासारखी रोजची, पण गेली ती गेलीच. मागून नीरजा कुजबुजली. तिला धवला येत नाही, तिने तो एकदाच ऐकलेला. तिने आपलं सुचेल ते सांगितलं,

मैत्रिणी उभ्या दारी, कुणी सोडेना हात.

मी तेच गायले. दिशाने पाय उचलला आणि उंबरा ओलांडला.

खरी ओळ आईबापाच्या हाकेची आहे. ती नंतर आठवली. मी घाबरून आजीकडे गेले, म्हटलं, “चुकलं ना?” आजीने बाईंकडे बघितलं. बाई नाक पुसत होत्या.

“ती ओल आता काडाची न्हाय,” आजी म्हणाली. “जिथं आडते, तिथं मैतरनीचं घ्याचं. आता ती तशीच जाईल पुडं.”

मंडळी निघताना गुणाबाई बाईंच्या शेजारी येऊन बसली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “माझे पन एका धवल्यान एक ओल हरवलीय, बाई. चालीस वर्सं नुसती हूं हूं करून नेतंय. देशील काय एक?”

बाईंनी पर्समधून पेन काढलं.

रात्री आवराआवर चालू असताना दोघी आज्या चटईवर पाय पसरून बसल्या होत्या. मी अर्धवट झोपेत. बाई म्हणत होत्या, “तिसऱ्या बाकावर जागा धरायला सांगितली तेव्हा वाटलं होतं का ग, इथवर येईल?” आजी म्हणाली, “मना वाटलं व्हतं.” कुठल्या बाकाचं बोलत होत्या कुणास ठाऊक. शेलारच्या शाळेतलंच असेल.

बुधवार, २१ मे

आज गोदामात तिसऱ्या रॅकसमोर उभी होते आणि एकदम काहीतरी आठवलं. हाफ डे टाकून घरी आले. आजी विहिरीपाशी शेजारणीला दिशाच्या सासरची सगळी हकीकत सांगत होती, चांगल्या खणखणीत आवाजात.

मी विचारलं, “आजी, अकरावीच्या पहिल्या दिवशी तू कॉलेजच्या गेटवर कशाला आली होतीस?”

आजीने माझ्याकडे पाहिलं, घशाला हात लावला आणि खुणेनेच सांगितलं की डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे.